कांबळ्यातली कात्री

१

हवालदारणीने वहिनीचं कांबळं उचलून झटकलं आणि त्यातून कात्री फरशीवर पडली.

बराकीतल्या सगळ्या बायकांनी तो आवाज ऐकला. वहिनी भिंतीला टेकून उभी होती, ती तशीच घसरत खाली बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुटकेची समिती बसायची होती. जन्मठेपेच्या कैद्याला मुदतीआधी सोडायचं तर वागणुकीवर एकही डाग चालत नसे, आणि शिवणखोलीतली कात्री अंथरुणात सापडणं म्हणजे डाग नव्हे, भोकच. बाहेर वहिनीची लेक आईसाठी खोली रंगवून बसली होती.

ही तशी जुनी गोष्ट. तेव्हा तुरुंगाच्या भिंतीवर कॅमेरे नव्हते. जे दिसायचं ते माणसांच्या डोळ्यांना, आणि डोळे म्हटले की राग-लोभ आलेच.

झडतीला जुन्या बाई हजर होत्या. बायकांच्या या तुरुंगातल्या त्या सर्वांत वरिष्ठ जेलर. आयुष्यभर त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. अधीक्षकाची खुर्ची रिकामी झाली तेव्हा ती आपल्यालाच मिळणार असं त्या धरून चालल्या होत्या, पण त्यांच्यापेक्षा वयाने पुष्कळ लहान अशी एक हुशार बाई वरून नेमून आली. बायका तिला 'नव्या बाई' म्हणायला लागल्या, आणि त्याच दिवशी या आपोआप 'जुन्या' झाल्या. घरात नवं कपाट आलं की आधीच्याचं होतं तसं. तो शब्द त्यांना रोज टोचायचा.

कात्री पडायच्या आधी क्षणभर त्यांची नजर वहिनीच्या अंथरुणावर गेली होती. बाकीच्या कांबळ्यांत ते उठून दिसत होतं. गुळगुळीत बाजू दाराकडे, आणि वरचा कोपरा पाकिटाच्या झाकणासारखा तिरका दुमडून आत खोचलेला. काय सुरेख घडी, असं त्यांच्या मनात आलं आणि बरं वाटलं. मग कात्री पडली, आणि ते बरं वाटणं कुठल्या कुठे गेलं.

"मी नाही ठेवली, बाई," वहिनी एवढंच म्हणाली. तेही इतक्या हळू, की आपल्यावर कोणी विश्वास ठेवेल अशी आशाच तिला उरलेली दिसेना.

२

नव्या बाईंनी जुन्या बाईंना बोलावून चौकशी त्यांच्याकडे सोपवली. उद्या समितीपुढे काय सांगायचं ते आज संध्याकाळपर्यंत ठरायला हवं होतं. खरं-खोटं कळलं नाही तर वहिनीचं नाव यादीतून काढावं लागेल, आणि समिती पुन्हा केव्हा बसेल ते कोणालाच माहीत नाही, असं त्या म्हणाल्या. पुढे असंही म्हणाल्या, की इथली माणसं तुमच्याइतकी मला ओळखता येत नाहीत.

हे बोलणं मोठ्या मनाचं होतं, आणि म्हणूनच जुन्या बाईंना जास्त झोंबलं. टाकून बोलली असती तर सोपं गेलं असतं. रागावायला तरी जागा राहिली असती.

नव्या बाईंनी आल्या आल्या पुष्कळ काही बदललं होतं. जेवणाच्या वेळा बदलल्या, भेटीच्या खोलीतली जाळी काढली, अंथरुणाच्या घडीचीसुद्धा नवी रीत लावली. सुटकेच्या जवळ आलेल्या बायकांसाठी वेगळी बराक उघडली, आणि तिच्यात मुद्दाम दुसऱ्या तुरुंगांतून बदलून आलेल्या बायका ठेवल्या. इथल्या जुन्या सवयी नकोत, असं कारण त्यांनी दिलं होतं. ते वाक्य जुन्या बाईंनी मनात जपून ठेवलं होतं. वहिनी त्याच बराकीतली. दिराच्या खुनात आत आलेली, म्हणून पहिल्या तुरुंगात कोणीतरी कुचेष्टेने तिला वहिनी म्हटलं. ती माणूसच अशी होती, की त्या नावातली कुचेष्टा झिजून गेली आणि माया तेवढी उरली.

नव्या बाईंची सर्वांत मोठी नवलाई म्हणजे शिवणबाई. ही इथलीच जुनी कैदी. शिक्षा भोगून ती सुटली आणि वर्षभराने नव्या बाईंनी तिला पगारी शिक्षिका म्हणून परत आणलं. सुटलेल्या माणसाला आपणच काम दिलं नाही तर दुसरं कोण देणार, हा त्यांचा सवाल. जुन्या बाईंनी या नेमणुकीला भर बैठकीत विरोध केला होता आणि भर बैठकीत हरल्या होत्या.

दिवसभरात घडलं होतं ते एवढंच. सकाळी नव्या बाईंनी स्वतः बराकीत फेरी मारली, अंथरुणं पाहिली आणि ठीक म्हणाल्या. मग बायका शिवणखोलीत गेल्या. दुपारी जेवायला बाहेर पडताना दारावर हवालदारणीने त्यांना चाचपून सोडलं. जेवण झाल्यावर ताटल्या ठेवायला बायका घटकाभर बराकीत जाऊन आल्या. परत शिवायला बसल्या तेव्हा भिंतीवरच्या फळीवर एका कात्रीची जागा रिकामी होती. शिवणबाईनेच ती पाहिली आणि तिनेच ओरडा केला.

जेवायच्या आधी कात्र्या मोजल्या होत्या का, असं जुन्या बाईंनी हवालदारणीला विचारलं. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"रोज मोजतेच की," ती म्हणाली. "आजच तेवढं राहिलं."

३

हवालदारणीला खोलीत एकटीला बसवलं तेव्हा ती आधी रडली आणि मग चिडली. वहिनीवर तिचा दात होता, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा भेटीच्या दिवशी तिने वहिनीच्या लेकीला पिशवीवरून अडवून दुपारभर फाटकाबाहेर उन्हात उभं केलं. वहिनीने ते नव्या बाईंच्या कानावर घातलं आणि हवालदारणीची घराजवळची बदली हुकली.

"राग होता," ती म्हणाली. "पण कशाचा, ते सांगू का बाई? त्या पोरीचा. दुपारभर उन्हात उभी राहिली आणि माझ्याशी भांडलीसुद्धा नाही. आईला भेटायला मिळतंय ना, मग झालं, म्हणाली. माझी लेक मी घरी गेले तर पुस्तकातून मान वर करत नाही. आणि ही, खुनी बाईची पोरगी."

कात्री मी ठेवली असती तर झडतीत मीच कशाला काढून दाखवली असती, असंही ती म्हणाली. जुन्या बाईंच्या मते यात काही दम नव्हता. ठेवणाऱ्यालाच तर ती काढून दाखवायची घाई असते. झाडूवाली सोडून दुपारी बराकीत आणखी कोण गेलं होतं, हेही त्यांनी विचारून घेतलं. शिवणबाई गेली होती, नव्या पडद्यांसाठी खिडक्यांची मापं घ्यायला. बायका तेव्हा जेवत होत्या.

बराक झाडायची पाळी कावळीची होती. तिचा आवाज घोगरा आणि तोंड अखंड चालू, म्हणून कावळी. वहिनीच्या शेजारीच तिचं अंथरूण. मागच्या समितीने तिचा अर्ज फेटाळला होता, त्यामुळे बराकीतल्या निम्म्या बायकांनी तिचं नाव आधीच घेऊन टाकलं होतं. ते तिला माहीत होतं. ती खोलीत शिरली तीच कमरेवर हात ठेवून.

"जळते मी तिच्यावर. लिहून घ्या," ती म्हणाली. "रोज रात्री तिच्या लेकीचं पुराण ऐकावं लागतं. भिंतीला पिवळा रंग दिलाय, खिडकीत कुंडी ठेवलीय, आईला झोप लागावी म्हणून घड्याळाची टिकटिक बंद केलीय. कान किटले माझे. पण जळते म्हणून कात्री ठेवीन होय? ठेवायची असती तर मागच्या समितीच्या वेळेलाच ठेवली असती. तेव्हा ताजी जळत होते. आता नुसती धग राहिलीय."

जुन्या बाईंना हसू आलं आणि त्यांनी ते दाबलं. शिवणबाई बराकीत होती तेव्हा तू कुठे होतीस, असं त्यांनी विचारलं. कावळी म्हणाली, केर टाकायला मागच्या अंगणात गेले होते. आल्यावर बघितलं तर शिवणबाई खिडकीपाशी टेप घेऊन उभी होती आणि तिचे डोळे लाल झाले होते. झाडलेली धूळ डोळ्यात गेली, असं तिने सांगितलं.

"पण बाई," कावळी जाता जाता म्हणाली, "त्या बाजूला मी अजून झाडू लावलाच नव्हता."

४

शिवणबाई समोर येऊन बसली ती ताठ. डोळ्यांत आता काही नव्हतं. वहिनीबद्दल ती चांगलंच बोलली. हात स्वच्छ, शिकवलेलं विसरत नाही, सुटकेच्या दिवशी नेसायच्या साडीवरचा ब्लाऊज आम्ही दोघींनी मिळून बेतला, असं म्हणाली. बाहीचं माप तिच्या लेकीने भेटीत घेतलं होतं, आईच्या दंडाला दोरा गुंडाळून.

"तुमचा संशय माझ्यावर असेल तर सरळ सांगा," ती शांतपणे म्हणाली. "एकदा आत येऊन गेलेल्या माणसाची झडती आयुष्यभर संपत नाही. मला सवय आहे."

जुन्या बाईंनी तिला जायला सांगितलं. संशय होता, पण पुरावा काय? लाल डोळे आणि मापाची टेप. आणि त्याहून मोठी अडचण वेगळीच होती. शिवणबाईच गुन्हेगार निघावी असं त्यांना इतकं मनापासून वाटत होतं, की आपल्या डोक्यावरचा त्यांचा भरवसाच उडाला. ही दोषी ठरली की नव्या बाईंचा सगळा डोलारा कोसळणार होता. वरच्या साहेबांपर्यंत गोष्ट जाणार होती. जुन्या बाईच बरोबर होत्या, असं कोणीतरी कुठेतरी म्हणणारच होतं. हे वाक्य ऐकायला त्या किती तहानलेल्या होत्या ते त्यांचं त्यांनाच माहीत.

दुसऱ्याच्या नावावर असं काही लिहायचं तर आपली तहान भागवायला लिहू नये, एवढं मात्र इतक्या नोकरीत त्या शिकल्या होत्या.

दिवे लागायच्या सुमाराला त्या पुन्हा बराकीत गेल्या. झडतीत विसकटलेली अंथरुणं बायका लावत होत्या. वहिनी कोपऱ्यात बसली होती. तिचं कांबळं कावळी लावत होती, तोंडाने शिव्या देत, पण हाताने नीट. घडीच्या मोकळ्या कडा तिने दाराकडे केल्या आणि थापटून ठेवल्या.

जुन्या बाईंना ते खटकलं. नव्या बाईंची ही रीत त्यांना पहिल्यापासून गबाळी वाटे. कडा दाराकडे असल्या की आत काही लपवलंय का ते उभ्या उभ्या दिसतं, मग रोज बायकांची अंथरुणं उधळायला नकोत, असा त्यामागचा विचार होता. विचार चांगला होता, हेच तर दुखणं.

"कोपरा कोण दुमडणार?" त्या चिडून म्हणाल्या. "झडतीच्या वेळी वहिनीच्या कांबळ्याला होता तसा."

कावळीने मान वर केली. "कसला कोपरा?"

जुन्या बाईंनी वहिनीकडे पाहिलं. वहिनीलाही काही कळलेलं नव्हतं. त्यांनी बराकीतल्या एकेकीला विचारलं. कोणालाच तो कोपरा माहीत नव्हता. त्या तिथेच फरशीवर बसल्या. इतक्या वर्षांत जुन्या बाई कैद्यांमध्ये खाली बसलेल्या कोणी पाहिल्या नव्हत्या.

५

शिवणबाई घरी जायला निघाली होती. तिला नव्या बाईंच्या खोलीत बोलावून घेतलं. जुन्या बाईंनी एक कांबळं तिच्यापुढे ठेवलं. काठ उसवलाय, एवढा घालून जा, म्हणाल्या. नव्या बाई खुर्चीतून बघत राहिल्या.

शिवणबाईने सुई-दोरा घेतला, टाके घातले, दाताने दोरा तोडला. मग काम संपलेल्या माणसाचे हात जसे आपले आपण चालतात, तसं तिने कांबळं मांडीवर घेऊन घडी घातली. गुळगुळीत बाजू पुढे आली. वरचा कोपरा तिने तिरका दुमडला, पाकिटाच्या झाकणासारखा, आणि आत खोचला. वरून हात फिरवला.

मग तिचा हात जागच्या जागी थांबला.

"ही घडी मी काढलेली," जुन्या बाई नव्या बाईंना म्हणाल्या. "तुम्ही यायच्या आधी इथल्या प्रत्येक कैदी बाईला मी ती शिकवली. दुसऱ्या कुठल्याही तुरुंगात ती नाही. वहिनीच्या बराकीतली एकही बाई जुन्या रीतीत राहिलेली नाही, सगळ्या बाहेरून आलेल्या. त्यांना कोपरा माहीतच नाही. लपवायचं म्हणून वहिनीने वेगळी घडी घातली असती, तरी हा कोपरा तिला सुचला नसता. सकाळी तुम्ही फेरी केलीत तेव्हा तो असता तर तुम्ही टोकलं असतंत. म्हणजे तुमच्यानंतर कोणीतरी ते कांबळं उघडलं आणि त्याची पुन्हा घडी घातली."

"हवालदारीण?" नव्या बाईंनी विचारलं.

"आम्ही नोकरीतली माणसं अंथरुणं उधळतो, बाई. घडी घालायला कैदी असतात. तिने आजवर एकाही कांबळ्याची घडी घातलेली नाही. बाकीच्या बराकींतल्या जुन्या कैद्यांना त्या बाजूला यायला मिळत नाही, आणि रोज नवी घडी घालून त्यांच्या हातांना आता ती बसलीय. उरलं कोण? जिने वर्षानुवर्षं जुनी घडी घातली आणि नवी एकदाही घातली नाही. जी नवी रीत यायच्या आधीच सुटून गेली."

शिवणबाई मांडीवरच्या कांबळ्याकडे बघत होती. मान वर न करता ती बोलली.

"मी सुटले त्या दिवशी सकाळपासून फाटकाबाहेर उभी होते. मुलाला कळवलं होतं. तो आला नाही. संध्याकाळी पहारेकऱ्याने विचारलं, बाई, जायचं नाही का? मी म्हटलं, कुठे?" ती थांबली. "ही रोज सांगायची. पिवळी भिंत, कुंडी, घड्याळ. मी माप घेत होते, कापत होते, आणि ही सांगत होती. तिचं वाईट व्हावं असं मला वाटत नव्हतं. फक्त ते उद्या होऊ नये. मला ते फाटकातून बघावं लागू नये."

६

समितीपुढे वहिनीचं नाव डागाशिवाय गेलं. सकाळी नव्या बाईंनी स्वतः सगळं सांगितलं. ही नेमणूक माझी होती, हेही सांगायचं त्यांनी टाळलं नाही. वहिनीची सुटका मंजूर झाली.

शिवणबाईला कामावरून काढण्यात काही प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो पोलिसांत द्यायचं का, याचा. नव्या बाईंनी वहिनीला बोलावून विचारलं, कारण तक्रार तिची होती. वहिनी नवा ब्लाऊज घालून आली होती. शिवणबाई दाराशी उभी होती. वहिनीने तिच्याकडे बघितलं नाही.

"माफ बिफ मी करणार नाही," ती म्हणाली. "काल दुपारपासून मी मेले होते. पण हिला आत घालू नका. आतून परत यायला बाहेर कोणीतरी लागतं."

जुन्या बाईंनी अहवाल लिहिला. दोन वर्षं मनात घोळवलेलं वाक्य त्यांनी त्यात घातलंच, या नेमणुकीला माझा विरोध होता. ते खोडावंसं त्यांना वाटलं नाही. खाली मात्र आणखी एक जोडलं. पुढची शिवणबाईही सुटलेल्यांतूनच घ्यावी, पण सुटणाऱ्या बाईला न्यायला कोणी येणार नसेल तर कचेरीतल्या एकीने तिच्याबरोबर तिच्या मुक्कामापर्यंत जावं, तसा नियम करावा.

नव्या बाईंनी दोन्ही वाचलं. "पहिलं राहू दे, खरं आहे," त्या म्हणाल्या. "दुसरं फार चांगलं आहे. माझ्या सहीने वर पाठवते, लवकर मंजूर होईल."

माझ्या सहीने. जुन्या बाईंना ते शब्द पुन्हा टोचले. म्हणजे हा नियमही नव्या बाईंचाच म्हणवला जाणार. त्या उठल्या.

फाटकावर वहिनीची लेक आली होती. आईला बघून ती धावली नाही. नुसती पुढे झाली आणि तिच्या हातातलं बोचकं घेतलं, बाजारातून आल्यासारखं. दोघी बोलत बोलत वळणाआड गेल्या. कावळी दुरून बराकीच्या खिडकीतून बघत होती आणि मोठमोठ्याने काहीतरी लागट बोलत होती, ते बहुतेक रडू येऊ नये म्हणून.

शिवणबाई अजून आतल्या बाजूला उभी होती. वहिनी पूर्ण दिसेनाशी होईपर्यंत ती थांबली. मग छोट्या दारातून वाकून बाहेर आली आणि बघते तो जुन्या बाई तिच्या शेजारी चालायला लागलेल्या, खांद्याला पर्स अडकवून.

"तुम्ही कुठे, बाई?" तिने विचारलं.

"बसथांब्यापर्यंत. मला त्याच बाजूला जायचंय," जुन्या बाई म्हणाल्या.

त्यांचं घर तुरुंगाच्या आवारात होतं, फाटकाच्या आत. शिवणबाईला ते माहीत होतं. तिने फक्त चालण्याचा वेग थोडा कमी केला, कारण जुन्या बाईंचे गुडघे आताशा दुखत.